पान नंबर काय टाकू?

अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात लोककथा शिकवणाऱ्या डॉक्टर इजलाल हमामींचा हात दोन बाबतींत सढळ होता: रव्याचा गोड बस्बूसा आणि नव्या कल्पना. दर मंगळवारी त्या घरून डबा आणत, खोलीत चहा ठेवत आणि जो येईल त्याच्यापुढे दोन्ही मोकळ्या मनानं वाढत.

"कथेतला ठक ओळखायचा कसा?" त्या विचारत. "तो आल्या आल्या जेवणाचं कौतुक करतो. मग घर लुटतो."

"वा, डॉक्टरबाई. आणि बस्बूसा काय झालाय आज," वगदी म्हणायचा. हा त्यांचा लाडका विद्यार्थी.

वर्षभरात वगदीचं पुस्तक आलं. विषय, लोककथांतले ठक आणि पाहुणचार. सुरुवातीला बाईंचे मनापासून आभार होते, बस्बूशाबद्दल. बाईंना आनंदच झाला. ज्ञान पसरतंय ना, मग झालं तर.

निवृत्तीआधी प्रोफेसर व्हायचं मात्र त्यांच्या फार मनात होतं. त्यासाठी छापील निबंध हवा. आयुष्यभर बोलून टाकलेलं त्यांनी प्रथमच कागदावर उतरवलं आणि नियतकालिकाला पाठवलं. निनावी परीक्षकाचा शेरा आला, 'हे डॉ. वगदींनी आधीच सिद्ध केलंय. लेखिकेनं त्यांचा साधा उल्लेखही करू नये?'

बाईंनी दातओठ खात आपल्याच कल्पनेखाली वगदीचं नाव घातलं, पान नंबरासकट. निबंध छापून आला. बढतीच्या समितीनं तो वाचून कळवलं, 'संदर्भ चोख आहेत. स्वतःचं असं काही नाही.'

बाई घरी जाऊन रडल्या. राग वगदीपेक्षा स्वतःच्या जिभेचा जास्त होता. यापुढे खोलीत तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मंगळवारी सवयीनं डबा तेवढा आणला.

मेरिहान नावाची नवी संशोधक आली. तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "काय सुरेख झालाय, डॉक्टरबाई. सध्या काय चाललंय तुमचं?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "काही नाही."

मेरिहान चहा पीत राहिली. पण एक नवी कल्पना गेले काही दिवस त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती, आणि समोर ऐकायला माणूस होतं.

"सांगते," त्या अखेर म्हणाल्या. "पण लिहिशील तेव्हा माझं नाव घाल."

"घालीन की." मेरिहाननं पेन काढलं आणि थबकली. "पण डॉक्टरबाई, पान नंबर काय टाकू?"

बाईंनी तिच्या बशीत आणखी एक तुकडा वाढला आणि सांगायला सुरुवात केली.