मोठं चाक, लहान दगड

तिचं नाव मी विचारलं नाही. पिकअपला नुकतेच मोठे टायर बसवले होते. दुकानदाराने गाडीच्या मापाचेही दाखवले होते, पण गाडी उंच दिसेल म्हणून मी मोठेच निवडले. मागे मळणीयंत्र जोडून राजूर घाट चढायला निघालो, तर पायथ्याशी या बाईने हात केला. पन्नाशीची असेल. गाडीत चढण्याआधी तिने रस्त्याकडेचा एक दगड उचलला आणि तो मांडीवर घेऊन बसली.

मला हसू आलं. "मावशी, दगड कशाले?"

"असू द्या, भाऊ."

पुढचा रस्ता तिने पाहिलाच नाही. बाहेरच्या आरशात ती मागचं यंत्र बघत होती.

एका वळणावर मोठे टायर आणि मागचं ओझं ओढता ओढता गाडीचा दम तुटला. ब्रेक पूर्ण दाबूनही आम्ही मागे सरकू लागलो आणि यंत्र दरीकडे वळलं. मी शेजारी पाहतो तर ती खाली उतरलेली. तिने मागच्या चाकाखाली दगड सारला. चाक त्याच्यावरून सहज गेलं. मग तिने कठड्याजवळचा मोठा धोंडा आणून चाकामागे टाकला. गाडी थांबली.

"चाक मोठं घेतलं, तं दगडबी मोठा ठेवत जा," ती म्हणाली. आवाज शांत होता.

ती परत बसली नाही. मी पहिल्या गिअरमध्ये रांगत राहिलो आणि ती धोंडा कमरेशी धरून चाकाबरोबर चालत राहिली. वर पोचल्यावर तिने तो माझ्याशेजारच्या सीटवर ठेवला.

"माह्या जागेवर आता याले बसवा. मी पायीच बरी."