खाऱ्या पाण्याच्या काचपेटीबाबत नोटीस

आमचे शेजारी प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. कोल्हापुरात समुद्र नाही; तरीही त्यांनी बैठकीत खाऱ्या पाण्याची भली मोठी काचपेटी मांडली आणि माझी पत्नी रोज दुपारी तीन वाजता मासे पाहण्यास जाऊ लागली. माझा चहा झाकून ठेवलेला असे. पुरावा म्हणून तो किरकोळ आहे हे मी जाणतो. परंतु न्यायालयात लिपिक म्हणून हयात काढताना याहून किरकोळ पुराव्यांवर खटले उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

एके दिवशी मीही गेलो. प्राध्यापक तिला दूरच्या कॅरिबियन समुद्रातील बोटभर माशांची चित्रे दाखवीत होते. कोणी निळा, कोणी पिवळा, कोणी काळा. सगळे एकाच प्रवाळात राहणारे, आतून जवळजवळ सारखे.

"मग निराळं कशापायी, सर?"

"निवडीपायी, वहिनी. निळा बहुधा निळाच जोडीदार पसंत करतो, पिवळा पिवळा. ही आवड पिढ्यान् पिढ्या टिकली, की एका जातीच्या दोन होत जातात. मध्ये डोंगर नको, भिंत नको."

"म्हंजे कांदापोहं न्हाईत, बघायला आल्यालं पावणं न्हाईत! बरं हाय की त्यांचं."

दोघे हसले. तिचे तसले हसणे माझ्या घरात कित्येक वर्षांत झाले नव्हते. माझे अंग पेटले.

त्याच संध्याकाळी मी नोटीस लिहिली: "आपल्या काचपेटीमुळे आमच्या गृहशांतीस बाधा पोहोचत असून, ती सत्वर हलवावी." आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. परंतु रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह न गेलेल्या तक्रारीस मी तक्रार मानीत नाही.

पोचपावती परत आली. तिच्यावर सही माझ्या पत्नीची होती. प्राध्यापक बाजारात गेलेले, ही माशांना खाद्य घालत होती, आणि पोस्टमन दारात उभा राहिला. पाकिटावरचे माझे अक्षर ओळखून तिने ते फोडलेही.

"अवो, हे त्येस्नी लिवलंय का मला?" तिने नोटीस माझ्यापुढे टाकली.

"दुसऱ्याच्या नावचे पाकीट फोडणे बेकायदेशीर आहे."

"मग घाला की केस. तुमी राधानगरीला मला बघायला आलतासा, तवा मी मान बी वर क्येली न्हवती. व्हय म्हणाला माझा बा. मला कुणी इचारलं?"

मी नोटिशीची घडी घालून ती खिशात ठेवली.

"आणि आज विचारले तर?"

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. एवढ्या वर्षांत प्रथमच, असे मला वाटले.

"इचार करून सांगती. लेखी देऊ का तोंडी?"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती उंबऱ्यात थांबली. "येताय न्हवं?"

मी गेलो, आणि त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसलो. प्राध्यापकांविषयीचा माझा राग कायम आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. स्मरणपत्र मात्र मी लिहिलेले नाही.