कांताबाईंचे अकरा घुसखोर

आष्टीपासून समुद्र चारशे किलोमीटरच्या वर. आष्टीकरांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. कांताबाईंचा राजानंद मात्र बारावी झाल्यावर नौदलात भरती झाला आणि पंधरा वर्षं हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसून पाण्याकडे बघत राहिला. चोरून-लपून होडीनं कोणी किनाऱ्याला लागतंय का, हे वरून हुडकायचं, एवढंच त्याचं काम.

गावाला हेलिकॉप्टर माहीत होतं ते निवडणुकीतलं. ते यायच्या आधी टँकरनं मैदान भिजवतात, चुन्यानं गोल आखतात. त्यामुळं पहिल्या सुट्टीत शेजारच्या गोजरबाईंनी विचारलं, "राज्या, समुद्रात धूळ उडत असंल ना?"

"न्हाई मावशी, खाली पाणीच असतं."

"मंग बरंय. टँकरचा खर्चा वाचला."

घोटाळा झाला तो नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, ऑगस्टात. सकाळी सकाळी एक होडी दिसली. तिच्यावर नंबर नाही आणि वायरलेसला उत्तर नाही. हेलिकॉप्टर डोक्यावर नेऊन उभं केलं, तसे होडीतल्या अकराच्या अकरा जणांनी दोन्ही हात वर केले. गस्तीच्या बोटीनं येऊन त्यांना ताब्यात घेतलं. तळावर परतल्यावर राजानंदला राहवलं नाही. त्यानं घरी फोन लावला, "माय, आज अकरा जण पकडले!" आणि तेवढ्यात ड्यूटीची हाक आली.

दुपारी उलगडा झाला. कोळी होते बिचारे. हंगामासाठी होडीला नवा रंग दिलेला, आणि नंबर टाकणारा पेंटर लग्नाला गेलेला. वायरलेस बिघडलेला. हात वर केले ते पंख्याच्या वाऱ्यानं उडालेल्या टोप्या धरायला. चहा पाजून त्यांना सोडून दिलं.

हे सांगायला राजानंदनं तीन दिवसांनी फोन केला, तोवर कांताबाईंनी गल्लीत बुंदी वाटली होती आणि बसस्टँडवर 'अकरा घुसखोरांचा कर्दनकाळ' असा फ्लेक्स लागला होता. "थांब, गोजरबाई बोलायचं म्हणून राह्यली," म्हणत मायनं फोन तिकडं दिला. सांगायचं राहिलं, ते बारा वर्षं राहिलं. आकडा अकराच होता. पण दरवर्षी त्यांच्याजवळची हत्यारं वाढत गेली. राजानंद निवृत्त होऊन एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्याच्या गेटवर सुरक्षेला लागला, तोवर त्यांतला एक जण सात फुटांचा झाला होता.

यंदा सव्वीस जानेवारीला हेडमास्तर तातेरावांनी त्याला शाळेत बोलावलं. "अकरा जणांचं सविस्तर होऊन जाऊ द्या, साहेब."

झेंड्याला निघताना राजानंदनं एकदाचं सांगून टाकलं, "माय, ते कोळी होते."

कांताबाईंच्या हातातली पांढऱ्या लुगड्याची निरी सुटली. "बारा वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"लेकरांपुढं खोटं बोलू का? तू दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणतीस. चौथं शील काय आहे?"

"मी कुठं खोटं बोलले? तू फोनवर म्हणला तेच सांगितलं."

"अन् सात फुटांचा?"

"तो गोजरबाईचा." निरी पुन्हा खोचत त्या म्हणाल्या, "बोल तुला काय बोलायचं ते. पण ती पहिल्या रांगेत बसणारे, एवढं ध्यानात ठेव. तिच्यापुढं मला मान खाली घालायला लावू नको."

पहिल्या रांगेत दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या. राजानंदनं वरून होडी कशी ओळखायची ते सांगितलं. मासे धरणारी होडी रेंगाळते, वळते, जाळं ओढते. काळंबेरं असलेली नाकासमोर सरळ पळते.

"लांडगं बी तसंच," गोजरबाई मोठ्यानं म्हणाल्या. त्यांच्या घरी चाळीस मेंढरं होती. "चरणाराची चाल येगळी."

"बराबर, मावशी. आपण डोक्यावर जाऊन उभं राहायचं. गस्तीची बोट येईस्तोवर होडीला हलू द्यायचं न्हाई."

मग पेंटरचं लग्न, टोप्या, चहा, सगळं आलं. शेवटी तो म्हणाला, "कोळी होते. सोडून दिले." तातेरावांनी टाळ्यांसाठी उचललेले हात खिशात घातले.

गोजरबाई सावकाश कांताबाईंकडं वळल्या. "म्हंजे सोडले?"

राजानंद स्वतःचे बूट निरखू लागला.

कांताबाई उभ्या राहिल्या. "सोडले म्हंजे! पकडल्याबिगर सोडता येतं का? तुमचं कुत्रं अंधारात आवाजावर धावून जातं. पुढं पाव्हणा निघाला, की चावत न्हाई. मंग ते कुत्रं निकामी का?"

गोजरबाईंनी कुत्र्याचा विचार केला. ते चांगलं कुत्रं होतं.

"हे मात्र खरंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. तातेरावांनी खिशातून हात काढून माइक ओढला, "अकरा पकडले, अकरा सोडले! जोरात टाळ्या!"

राजानंद हलक्या मनानं घरी आला. सगळं खरं सांगून झालं होतं, मायची मानही वर राहिली होती. संध्याकाळी चहाला बसला, तेव्हा ओट्यावरून गोजरबाई कोणाला तरी सांगत होत्या. आकडा बावीसवर गेला होता. त्यात सात फुटी दोघं होते.