दिल्लीवर राख, वडूजजवळ जत्रा

"यंदा काठी आपल्या घराकडं हाय, या," असा माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या मामांचा फोन दिवाळीतच आला होता. म्हणून सकाळी सहाला आम्ही नवराबायको माधवनगरहून निघालो. तासगाव, विटा, मायणी, वडूज असा गाडीनं तीनेक तासांचा रस्ता. विट्यात मिसळ आणि चहा घेतला, दोघांत मिळून दोनशे रुपये. मायणीच्या पुढे ऊस विरळ होतो आणि ज्वारी दिसू लागते.

मामांचं गाव वडूजपासून जवळच. इथली बरीच माणसं परमुलखात गलाई करतात, म्हणजे सराफांचं सोनं गाळून शुद्ध करून देतात, आणि जत्रेला परत येतात. सासनकाठी, म्हणजे निशाण बांधलेला उंच बांबू, उचलायचा मान सात घरांत दरवर्षी पाळीनं फिरतो. ती घरच्या थोरल्या मुलानंच उचलायची. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचा थोरला, तानाजी, दिल्लीत अडकला होता. इथिओपियात ज्वालामुखी फुटला, राखेचा ढग समुद्र ओलांडून दिल्लीपर्यंत आला आणि त्याचं रात्रीचं विमान रद्द झालं. तेवढं कळवून, गाव चारपर्यंत थांबेल हे मामांकडून ऐकल्यानंतर त्याचा फोन बंद होता.

"आफ्रिकेत चूल पेटली आन धूर आमच्या डोळ्यात," शेजारचे शंकरअण्णा म्हणाले. पुढच्या वर्षीची पाळी त्यांची.

मामींनी वेगळंच विचारलं. "तिथल्या गुरांनी काय खायचं गं? गवतावर राख बसली आसंल."

तिथल्या चराईवर राख पसरल्याचं मी वाचलं होतं. तसं सांगितल्यावर त्या म्हशीला वैरण टाकायला गेल्या.

मामांनी तरुणपणी स्वतः गलाई केलेली. "आमी सराफाच्या दुकानातला केर जाळायचो, राख धुवायचो. सोनं तळाला बसायचं. राख कवा ना कवा बसतीच, सूनबाई."

"मामा, ही फार उंचावर आहे. खडकाची आणि काचेची बारीक पूड असते. इंजिनात वितळून चिकटते, म्हणून विमानं सोडत नाहीत."

"त्ये ऱ्हाऊ दे. गाव चारपतूर थांबाया तयार हाय. वाट बघू का नको, तेवढं सांग."

मी मोबाईलवर तानाजीच्या विमानाचा नंबर टाकला. रद्द. रेल्वेनं तो दुसऱ्या दिवशी पोचला असता. "नका थांबू," मी म्हणाले. मामा उठले, शंकरअण्णांच्या दारात गेले आणि पाळी त्यांना देऊन आले.

अकराला हलगी सुरू झाली. अण्णांच्या थोरल्या मुलानं काठी उचलली. ती कलली की दोर धरणारी माणसं सावरत होती आणि गल्लीभर गुलाल उडत होता. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी एवढंच, की चपला गाडीत ठेवा आणि पुरणपोळीला कुठल्याही घरी नाही म्हणू नका. मामा दारातच उभे होते. काठी समोरून गेली तेव्हा त्यांनी तिला हात लावून कपाळाला लावला.

सव्वातीनला तानाजी आला, पाठीवर पिशवी आणि डोळे लाल. सकाळी दुसऱ्या विमानात जागा मिळाली होती. पुण्यात उतरल्यावर त्यानं टॅक्सीवाल्याच्या मोबाईलवरून फोन लावला होता, पण हलगीच्या आवाजात तो कुणाला ऐकू आला नव्हता.

"चारपतूर थांबायचं ठरलं हुतं न्हवं? मग कुणी सांगितलं थांबू नका म्हणून?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"मीच म्हणलो," मामा म्हणाले. "जेवून घे आधी."

मी ताट वाढायला उठले. जेवणं झाली, आम्ही निघालो, तरी खरं काय ते मी सांगितलं नाही.

घरी येऊन दोन दिवस झाल्यावर तानाजीला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठाव हाय मला, वहिनी. आमच्या आबांनी मोबाईलवर विमान कवा बघितलंय?" पुढे आम्ही पावसाचं बोललो.

माझं म्हणणं खोटं नव्हतं, ते विमान रद्दच होतं. पण मी फक्त तेवढा एक नंबर पाहिला. दिल्लीहून सकाळी दुसरं काही सुटतंय का, हे पाहायला मिनिट लागलं असतं. तुमच्याही प्रवासात कधी राख आलीच, तर पुढचं विमान बघा आणि मगच कुणाला थांबू नका म्हणून सांगा. हुकलेली पाळी पुढच्या वर्षी भरून मिळत नाही, मामांच्या घराची पाळी आता सात वर्षांनी येईल. तेव्हा ते पंचाऐंशीचे असतील.