रिकाम्या हातांचा शॉट

आज अलिबागच्या किनाऱ्यावर आमच्या विद्यार्थी चित्रपटाच्या ट्रेलरचं शूटिंग अडलं. मला तो पेच सोडवता आला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातल्या एका कोळणीची आहे. तिचा नवरा समुद्रात बुडतो. भूमिकेसाठी इथल्याच एका मावशींना निवडलं, लुगडंही त्यांचंच. ध्वनी माझ्याकडे. वाद्यं मुद्दाम टाळली. आधी फक्त बांगड्यांचा आवाज, मग रिकामे हात आणि शांतता.

बांगड्या उतरवायची वेळ आली तेव्हा मावशी म्हणाल्या, "न्हाय बाय. माजा मानूस दर्यावर हाय."

"मावशी, हे सगळं खोटं आहे हो."

"मंग खोट्याला खऱ्या बांगड्या कशाला मागतेस?"

मी उपाय काढला. हात मैत्रिणीचे घेऊ आणि मावशींच्या चेहऱ्याला जोडू.

"जोडल्यावर ते माजेच वाटतील?"

मी हो म्हणाले. तसे वाटावेत म्हणूनच तर जोडायचे.

"मंग नको."

ट्रेलर उद्या द्यायचा आहे. त्यात बांगड्या शेवटपर्यंत वाजत राहतील आणि नवरा बुडाल्याचं कुणालाच कळणार नाही. तुम्ही माझ्या जागी असतात, तर मावशींना पुन्हा विचारलं असतंत का?