आंजी ते केळझर, थरथरत्या ब्रेकांसह

लोक केळझरला गणपती पाहायला जातात. मी गेलो तो एका गाडीचे ब्रेक पाहायला. वर्ध्याहून जेमतेम सोळा-सतरा मैलांचा पल्ला. तेव्हा याला प्रवासवर्णन म्हणायला काही विद्वान नाकं मुरडतील. मुरडोत. हिमालयात जाऊन आलेल्यांची वर्णनं मी वाचली आहेत. त्यांतल्या एकालाही वाटेत माझ्याइतका घाम फुटला नव्हता.

गाडी दशरथची. आंजी मोठी या गावच्या शाळेत मी चार वर्षं मास्तरकी केली, तेव्हापासूनची आमची ओळख. त्या काळी तो छकड्यांतून कापूस वाहायचा. गेल्या दिवाळीत दोन्ही बैलजोड्या नि दोन्ही छकडे विकून, धाकट्या भावाला सोबत घेऊन, त्यानं नवी कोरी पिकअप आणली. सकाळी भाजी आणि माणसं वर्ध्याला न्यायची, संध्याकाळी तेल-मीठ आणि तीच माणसं परत आणायची. तीन महिने गाडी शहाण्यासारखी वागली. मग ब्रेक दाबला की थरथरू लागली.

"हिवताप आल्यावानी कापते जी," दशरथ मला म्हणाला. "पाय ठेवला का पॅडलच लाथ मारते."

माघात लग्नाची बारा माणसं घेऊन तो केळझरच्या उतारावरून येत होता. ब्रेक दाबला, गाडी कापली, आडवी झाली आणि नाल्याच्या काठाशी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बाराही जणं उतरली आणि चालू लागली. तेव्हापासून आंजीची माणसं पुन्हा छकड्यानं वर्ध्याला जाऊ लागली. छकडा कुणाचा, तर दशरथनंच विकलेला.

कंपनीची गॅरंटी सहा महिन्यांची. त्यातले आठ दिवस उरले होते. दरम्यान दशरथच्या वतीनं मी एजन्सीला सात पत्रं लिहिली होती. पहिलं नम्र होतं, तिसरं टोचरं होतं, आणि सातवं तर असं उतरलं होतं की ते छापायला न देता पोस्टात टाकणं माझ्या जिवावर आलं. सातांचंही उत्तर एकच आलं: आपले पत्र पोचले. तेव्हा आता आपणच पोचावं, असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी मी वर्ध्याहून त्याच्याच गाडीतून आंजीला गेलो. रस्ता दहा मैलांचा, अर्धा डांबरी आणि अर्धा सरकारी आश्वासनाचा. चैत्र संपत आला होता. रुमाल नाकाला बांधा आणि पांढरे कपडे घालू नका, एवढाच माझा सल्ला. दारात गाडी थांबते न थांबते तोच दशरथची बायको गिरजाबाई बादली घेऊन आली आणि तिनं चारही चाकांवर तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली.

दीड वर्षापूर्वीच्या दसऱ्याला नागपूरला लाखो माणसांबरोबर या घरानं बुद्धाची दीक्षा घेतली होती. त्यामुळे गाडी आली तेव्हा नारळ फुटला नाही, कुंकू लागलं नाही. पण दमून आलेल्याच्या पायावर पाणी घालायची गिरजाबाईची रीत काही देवांनी दिलेली नव्हती, म्हणून ती देवांबरोबर गेलीही नाही. पूर्वी ती बैलांचे पाय धुवायची, आता या लोखंडी बैलाचे.

"रोज?" मी विचारलं.

"रोज न जी. लेकराच्या शाळेची फी यानंच भरली. याचे पाय धुवाले काय लाज?"

मला ते फार आवडलं. त्या चर्र आवाजात मला कविताही ऐकू आली. यावर एक लेख लिहावा असं ठरवून मी झुणका-भाकरीवर बसलो. मिरचीच्या ठेच्यानं लेखाचा विचार तेवढ्यापुरता जाळून टाकला.

सकाळी उजाडताच निघालो. एजन्सीची वर्ध्याची शाखा म्हणजे स्टेशनाजवळ एक टिनाचं शेड, आत एक टेबल आणि टेबलामागे एक मॅनेजर. हा गृहस्थ कलमाशिवाय शिंकतही नसावा. त्यानं माझी सातही पत्रं एका फायलीत अनुक्रमानं लावून ठेवली होती. लेखक म्हणून मला क्षणभर बरं वाटलं.

मॅनेजर स्वतः गाडीत बसला, शेडभोवती बैलाच्या चालीनं एक फेरी मारली आणि उतरला. "कंप नाही."

"इथं कशी कापंल साहेब?" दशरथ म्हणाला. "तापली का कापते. उतारावर चला."

"गाडी घेतली तेव्हा नारळ फोडला होता?"

"नाई फोडला."

"मग!" मॅनेजरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू निदान झालं, आता फक्त पथ्य सांगायचं राहिलं.

दशरथ खाली पाहू लागला. मी मात्र टेबलावरचा गॅरंटीचा कागद उचलून त्याच्यापुढे धरला. "यात नारळाचं कलम कुठं आहे ते दाखवा. जे या कागदात नाही, ते आम्ही मानणार नाही."

हे वाक्य मी मोठ्या दिमाखात टाकलं. पुढं ते माझ्यापेक्षा दशरथच्या जास्त कामी येणार होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक! एवढं मात्र झालं की मॅनेजरनं कंटाळून रहमान मिस्त्रीला आमच्याबरोबर केळझरला धाडलं. मिस्त्री साठीचा, पांढऱ्या दाढीचा. गाडीत बसल्यावर आधी तो इंजिनाचा आवाज ऐकायचा, मग माणसाचा.

वर्धा ते केळझर हा रस्ता कुणाला करायचा असेल तर सकाळीच करावा. पवनारला धाम नदीवरून जाताना पाच मिनिटं उतरावं; उन्हाळ्यात पाणी थोडं असतं, पण खडक सुरेख दिसतात. सेलूला चहा आणि गरम भजी घ्यावीत. नव्या पैशांमुळे हॉटेलवाला अजून गोंधळतो. दोन आण्यांचे बारा नवे पैसे की तेरा, यावर त्याचं आणि गिऱ्हाइकाचं रोज भांडण होतं, तेही फुकट पाहता येतं. सेलूनंतर टेकड्या जवळ येतात, पळसाची शेवटची फुलं दिसतात आणि मग केळझरची टेकडी.

देऊळ दिसताच मी सवयीनं हात जोडले. दशरथचे हात स्टिअरिंगवरच होते.

"तुमचं तुमी करा गुरुजी," तो म्हणाला. "मी आता फक्त ब्रेकच्या भरोशावर हाय."

उतार आला. मिस्त्री म्हणाला, "दबाओ." दशरथनं पाय ठेवला आणि गाडी अशी थरथरली की माझा चष्मा नाकावरून ओठावर आला. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले होते. वैद्य नाडी पाहताना मिटतो तसे. "और एक बार," तो म्हणाला. मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि गणपतीला पुन्हा हात जोडले.

उताराच्या पायथ्याशी एका कडुनिंबाखाली गाडी लावली. चाक जरा निवल्यावर मिस्त्रीनं जॅक लावून ते काढलं, ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाच्या आतलं लोखंडी भांडं, हातात घेऊन फिरवलं, आतून बोट फिरवलं.

"ये गोल नहीं रहा. वाकला हाय. तापलेल्या लोखंडावर थंडं पानी पडलं का असं होते. गाडी नदी में डाली थी क्या?"

"नाई जी. नदीत कवाच नाई," दशरथ म्हणाला, आणि मधेच थांबला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही कानात एकाच वेळी चर्र झालं. मी डोळ्यांनी त्याला खूण केली: गप्प बस. आठ दिवस उरलेत. मालकाची चूक ठरली तर कागद गेला, आणि हे ड्रम बाजारात मिळायला वर्ष लागतं. तोवर गाडी दारात उभी राहणार आणि आंजी छकड्यात बसणार.

दशरथनं माझी खूण पाहिली. तरी म्हणाला, "पानी पडते मिस्त्री. रोज पडते. माही बायको घरी आल्याबरोबर त्याचे पाय धुते."

"काऊन सांगतो बाबा?" माझ्या तोंडून निघालंच. मी पुण्याकडचा, पण घाबरलो की मलाही वऱ्हाडी येते.

"गुरुजी, नागपूरले मी मोठ्यानं बोललो होतो, खोटं बोलणार नाई म्हणून. लोक लय होते तिथं, माहा आवाज कोनाले आला नसंल. मले आला."

मिस्त्रीनं ड्रम पुसून खाली ठेवला. मग त्यानं खिशातून तपासणीचा फॉर्म काढला आणि माझ्या हातात दिला. "अंग्रेजी हाय. पढो मास्टरजी. एक एक सवाल."

मी वाचून मराठीत सांगू लागलो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला का? नाही. शर्यतीत पळवली का? दशरथ हसला. परक्या मिस्त्रीकडून दुरुस्ती केली का? नाही. तेलाशिवाय चालवली का? नाही. सवाल संपले.

"पाय धुतले का, विचारलं?" मिस्त्री म्हणाला.

"नाही."

"तो मत लिखो."

पण दशरथ ऐकेना. "लिहू नका, पर साहेबाले मी सांगन." वर्ध्याला परत येईपर्यंत मी त्याला समजावलं, मिस्त्रीनं समजावलं, सेलूच्या हॉटेलवाल्यानंही काही न कळता समजावलं. शेडमध्ये शिरताच त्यानं मॅनेजरला सगळं सांगून टाकलं, बादलीसकट.

मॅनेजरनं चष्मा चढवला. गॅरंटीचा कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. उलटून पाहिला. मागे कोराच होता.

"कलम नाही," तो अखेर म्हणाला, आणि माझ्याकडे बघून पुढं, "जे कागदात नाही ते तुम्ही मानणार नाही, असं मघा आपण म्हणालात. मग मलाही मानता येणार नाही." त्यानं फॉर्मवर शिक्का मारला. पाहता पाहता तो मला आवडू लागला. कलमाशिवाय जो हलत नाही, तो कलमाशिवाय नाकारतही नाही. पत्रात मी त्याला दगड म्हटलं होतं. दगडावरच घर उभं राहतं, हे लिहायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तीन ड्रम लेथवर आतून खरडून गोल केले, एक नवा घातला, ड्रमला घासणारी लायनिंगं बदलली. दुपारी आम्ही पुन्हा थेट केळझरच्या उतारापर्यंत जाऊन आलो. गाडी थांबली, नुसती थांबली. इतकी साधी गोष्ट पाहून दोन मोठी माणसं हसत बसली होती, हे कुणी पाहिलं नाही ते बरं.

निरोप देताना मिस्त्री दशरथला म्हणाला, "लोहा एकदाच खरडता येते. पुढच्या बारीला पत्राच उरंल. घरी बोलजो."

हे घरी बोलणं केळझरच्या उतारापेक्षा अवघड होतं. संध्याकाळी आम्ही आंजीला पोचलो. दारात गाडी थांबली. गिरजाबाई बादली घेऊन निघालीच होती. तो उडी मारून तिच्या आणि चाकाच्या मधे उभा राहिला.

"थांब वो. पानी नको टाकू."

"काऊन? काय झालं?"

त्यानं सांगितलं. जमेल तितकं हळू, जमेल तितका दोष ब्रेकवर टाकत. तिनं बादली खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर रडू येईल असं मला वाटलं होतं. आला तो राग.

"तापलेल्या बैलाच्या अंगावर आल्या-आल्या थंडं पानी मारते का कोनी? त्याची धाप बसू देते मानूस. हे मले शिकवता? बैल धाप टाकते, दिसते. याची धाप दिसत नाई, तं सांगावं लागत होतं न मले! गाडी थांबवून थांबवून लोखंड तापते, हे कोनं सांगतलं मले?" मग ती माझ्याकडे वळली. "अन् तुमी गुरुजी, सात कागद लिहिले त्या साहेबाले. इथं बसून माह्या हातची भाकर खाल्ली. मले एक सवाल नाई विचारला, का बाई, तू गाडीचं काय काय करतं म्हणून."

माझ्याकडे सातव्या पत्रातली बरीच चांगली वाक्यं शिल्लक होती. एकही उपयोगी पडलं नाही.

ती आत गेली. आम्ही दोघं ओट्यावर पोरांसारखे बसून राहिलो. भाकरी झाल्याचा वास आला, तशी ती बाहेर आली, चाकाजवळ वाकली आणि हात लावून पाहिला. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, सगळा तळवा टेकून. थोडी थांबली. मग दुसरं चाक, तिसरं, चौथं.

"आता बसली धाप," ती म्हणाली आणि बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला परतलो तो भर दुपारी, दशरथच्या गाडीतून. आंजीची फक्त दोन माणसं सोबत होती. पण दोन होती. घरी पोचलो तसा आमच्या हिनं सवयीनं पायांवर घालायला तांब्या पुढं केला.

"जरा थांब," मी म्हणालो. "आधी हात लावून बघ."