बर्फातलं मीठ

मुंबईच्या डॉक्टरांना बाबांच्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ सापडली. लहान आहे, कापून टाकू, म्हणाले. मालवणला परतून आम्ही जरा कुठे श्वास घेतोय, तोच त्यांचा निरोप आला. ऑपरेशनाआधी रक्तातली एक नवी तपासणी हवी. आकडा कमी आला तर ठीक, जास्त आला तर रोग गाठीबाहेर पसरला असण्याची भीती. झालं! आकडा म्हणे! माणसाचं मरण म्हणजे काय परीक्षेचे मार्क?

तपासणी मुंबईतच व्हायची. इथल्या दवाखान्यात रक्त काढलं आणि नळी गार ठेवून पाठवा म्हणाले. गार ठेवणं हे मामाचं काम, कारण तो मासळीचा व्यापारी. त्याने नळी बर्फात पुरली आणि वर मूठभर जाडं मीठ मारलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो, मासा टिकतो.

"माझी सुरमय मुंबयक ताजी पोचता, मगे रगात कित्याक पोचूचा नाय?" तो म्हणाला.

नळी रातराणी एसटीने गेली. मुंबईच्या काकाचा कोपऱ्यावरच्या दुकानात ट्रंककॉल आला तेव्हा मी धावत गेले. काका म्हणाला, रक्त पार गोठून नासलंय, एवढं गार चालत नाही, दुसरं पाठवा.

घरी येऊन मी मामावर तोंड सोडलं. तो बिचारा कपाळाला हात लावून बसला. बाबा मात्र चक्क हसले. "बरा झाला गो! आणखी आठ दिस माका काय एक नाय." आणि त्यांनी कितीतरी दिवसांनी पुन्हा भात मागून घेतला.

मी मागीलदारी जाऊन एकटीनेच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पण रगात नासांदे." "व्हय म्हाराजा" म्हणून गाऱ्हाण्याला साथ द्यायला तिथे कोणी नव्हतं.

दुसऱ्या वेळी मामाने मिठाला हात लावला नाही. रक्त नीट पोचलं. आकडा जास्त आला.

मामा पायरीवर मान खाली घालून बसला होता. बाबा हळूहळू जाऊन त्याच्या शेजारी टेकले.

"मेल्या," ते म्हणाले, "मीठ घालूक होया होता रे."